पांढरा रोग पानाच्या वर की खाली?

सांगली, मिरज, तासगाव, पलूस या भागात बागेवाला पाव्हणा असतोच कुणाचा तरी. त्यानं दिलेलं एखादं रोप दारापुढं लागतं, गेटावरच्या मांडवावर नाहीतर जिन्याच्या कठड्यावर चढतं, आणि दोन-अडीच वर्षांत घड धरायला लागतं. मग एखाद्या पावसाळ्यानंतर पानं पांढरी पडतात. घरमालक एक पान तोडून खिशात घालतो, कृषी सेवा केंद्रात जातो आणि म्हणतो, "पांढऱ्या रोगाचं औषध द्या." दुकानदार एक पुडी देतो. ती कधी लागू पडते, कधी अजिबात पडत नाही. पडली नाही की माणूस दुसरी पुडी आणतो, मग तिसरी, आणि शेवटी "घरी द्राक्ष जमत नाही" म्हणून वेल तोडून टाकतो.

अडचण पुडीची नसते. वेलीवर येणारे पांढरे रोग दोन आहेत. एक दावण्या, ज्याला बागेवाले डाऊनी म्हणतात; भाजीपाल्यावर याच धाटणीचा रोग आला की त्याला केवडा म्हणतात. दुसरी भुरी. दोन्ही पांढरे, दोन्ही पानावर, दोन्ही घड खातात. पण दावण्याला पाणी लागतं आणि भुरीला पाणी सोसत नाही. एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही, आणि एकाचा हंगाम संपत आला की दुसरीचा भरात येतो. म्हणून दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवायची: हे पांढरं पानाच्या वर आहे की खाली?

पान उलटं करून बघा

दावण्याची सुरुवात पानाच्या वरच्या बाजूला होते, पण तिथं पांढरं काही दिसत नाही. तेलाचं बोट लागल्यासारखा फिकट पिवळसर, गोल डाग दिसतो. पान उन्हाकडं धरलं तर तो डाग जरा पारदर्शक वाटतो. बागेवाले याला सरळ 'तेलकट डाग' म्हणतात. आता त्याच डागाच्या बरोबर मागची बाजू बघा, तीही सकाळी लवकर, दव असताना. तिथं कापसासारखी पांढरी लव उगवलेली असेल तर तो दावण्या. दुपारी बघाल तर ही लव वाळून मळकट झालेली असते आणि फसायला होतं. पुढं डाग मधून तांबूस होऊन करपतो. जुन्या, जून पानांवर मात्र गोल डाग न पडता शिरांच्या मधे अडकलेले बारीक कोनाकोनाचे ठिपके पडतात, अंगावर जाळी टाकल्यासारखे.

पानावरचा दावण्या वेल सोसते. घडावरचा सोसत नाही. फुलोऱ्याच्या आधी किंवा फुलोऱ्यात लागण झाली तर घडाचा देठ वाकडा होतो, त्यावर पांढरी लव येते, आणि आठवड्याभरात घड तपकिरी होऊन हातात गळून येतो. मणी वाटाण्याएवढे झाल्यावर रोग बाहेरून थेट मण्यात शिरू शकत नाही, कारण तोवर मण्यांवरची सूक्ष्म छिद्रं बंद झालेली असतात. तरी देठातून तो आत पोचतोच. असा मणी निळसर-तपकिरी, चामड्यासारखा होतो आणि पिकत नाही.

भुरी ओळखायला सोपी आहे. पानाच्या वरच्या बाजूला भस्म शिंपडल्यासारखी पांढुरकी पूड दिसते. पानाच्या खालीही ती असते, पण आपल्याला आधी वरचीच दिसते. अंगठ्यानं चोळली की पुसली जाते आणि खाली बारीक तपकिरी रेषांची नक्षी उरते. पानाच्या कडा वर वळतात. हिरव्या काडीवर राखाडी चट्टे पडतात आणि काडी पिकल्यावर तेच तांबडे-तपकिरी होऊन कायम राहतात, त्यामुळं छाटणीच्या वेळी गेल्या हंगामात भुरी कुठंकुठं होती ते काडीवर वाचता येतं. मण्यावर भुरी आली तर साल वाढायची थांबते, आतला गर मात्र वाढतच राहतो, आणि मणी उकलतो. उकललेल्या मण्यात चिलटं शिरतात, मग कूज. घडाला कुबट वास आला तर कधीकधी डोळ्यांआधी नाकालाच कळतं.

अजून खात्री नसेल तर रात्रीची एक परीक्षा आहे, आणि ती फुकट आहे. तेलकट डाग असलेली दोन-तीन पानं तोडा, ओल्या कागदात अलगद ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि अंधाऱ्या कपाटात रात्रभर ठेवा. फ्रीजमध्ये नको. सकाळी डागाच्या खालच्या बाजूला ताजी पांढरी लव उगवली तर दावण्याच, आणि तो जिवंत आहे. दावण्याला बीज धरायला दोन गोष्टी लागतात: जवळजवळ संपृक्त दमट हवा आणि काही तासांचा अंधार. पिशवीत दोन्ही मिळतात. लव उगवलीच नाही तर डाग जुना, मेलेला असण्याची शक्यता आहे. फवारणीनंतर रोग आटोक्यात आला का हे तपासायलाही हीच परीक्षा चालते. बागेवाल्यांनी ती पाच एकरांवर करावी इतकी सोपी आहे, मग एका वेलीवर का नको?

एक पोहतो, दुसरी वर बसते

आता आत काय चालतं ते बघू, कारण सगळे उपाय यावरूनच ठरतात.

दावण्या घडवणारा जीव, प्लास्मोपारा व्हिटिकोला, वर्षानुवर्षं बुरशी म्हणून शिकवला गेला. शास्त्रज्ञ आता त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जास्त जवळचं आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, याच्या भिंतीत सेल्युलोजसारखे पदार्थ असतात. १८४५ नंतर आयर्लंडमधला बटाटा संपवून दुष्काळ आणणारा उशिरा येणारा करपा याच घराण्यातला.

या घराण्याची खोड म्हणजे पाणी. पानाखालच्या लवेवर लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या लागतात. वाऱ्यानं त्या उडतात आणि ओल्या पानावर पडतात. पाण्यात पिशवी फुटते आणि आतून दोन शेपट्यांचे बीजाणू बाहेर पडतात, जे चक्क पोहतात. पोहत ते पानाची श्वासछिद्रं शोधतात, तिथं शेपट्या टाकून चिकटतात आणि आत नळी सोडतात. द्राक्षाच्या पानाची श्वासछिद्रं खालच्या बाजूला असतात. म्हणूनच लव खाली उगवते, आणि म्हणूनच पानाच्या वरून कितीही औषध मारलं तरी शत्रूच्या दारावर ते पोचत नाही. फवारणी करताना नोझल खालून वर धरायचं, एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मं काम होतं असं माझं मत आहे.

पान काही तास ओलं राहिलं नाही तर हा पोहणारा जीव पोचण्याआधीच वाळून मरतो. पाऊस, दाट धुकं, रात्रभराचं दव, किंवा संध्याकाळी नळीनं वेलीवर मारलेलं पाणी, त्याला सगळं सारखंच. उष्णता वीस-पंचवीस अंशांच्या आसपास असेल तर लागणीपासून डाग दिसेपर्यंत आठवडाही पुरतो. पाऊस पडून गेल्यावर चार दिवस पान स्वच्छ दिसतं, आपण निश्चिंत होतो, आणि मग एका सकाळी सगळं एकदम दिसतं. ते एका रात्रीत आलेलं नसतं.

भुरीची गोष्ट वेगळी. तिचं शास्त्रीय नाव एरिसिफी नेकॅटर, आणि ही खरी बुरशी आहे. ती पानाच्या आत घर करत नाही. रसवंतीत ग्लासात नळी घालून बसावं तशी ती पानावर बसते आणि सालीच्या पेशींत बारीक नळ्या घालून रस ओढते. सगळा संसार बाहेर, म्हणून ती पुसली जाते. तिच्या बीजाणूला रुजायला पाण्याचा थेंब लागत नाही. उलट थेंबात तो फुटतो, आणि जोराचा पाऊस भुरी धुऊन काढतो. तिला हवी असते दमट पण न भिजवणारी हवा, सावली आणि वीस ते सत्तावीस अंशांची मवाळ उष्णता. पस्तीसच्या वर ऊन गेलं की ती मंदावते. मांडवावर पानांचा थर दाट झाला की खालच्या अंधाऱ्या गारव्यात तिचं राज्य.

आता पुडीचा खुलासा होतो. हेक्साकोनॅझोलच्या गटातली औषधं बुरशीतला अर्गोस्टेरॉल हा पदार्थ बनू देत नाहीत. भुरीला तो लागतो, ती मरते. दावण्याचा जीव तो स्वतः बनवतच नाही, त्याला त्या औषधाचं सोयरसुतक नाही. कार्बेन्डाझिमचंही तेच, दावण्यावर ते वाया जातं. उलट मेटॅलॅक्झिल दावण्याच्या घराण्यावर चालतं आणि भुरीला काहीच करत नाही. "पांढऱ्या रोगाचं औषध" अशी एक गोष्ट असूच शकत नाही ती यामुळं.

आपल्याकडचं वेळापत्रक

महाराष्ट्रात द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची फळछाटणी घड घ्यायला. युरोपात वेल थंडीत झोपते, आपल्याकडं ती झोपतच नाही, आणि रोगालाही बारा महिने हिरवं पान मिळत राहतं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दावण्याचा जोर, नोव्हेंबर-डिसेंबरात दव आणि धुई पडली तर तोच पुढं चालू. थंडी स्थिरावून हवा कोरडी झाली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी भुरीचं.

सगळ्यात नाजूक काळ फळछाटणीनंतर डोळे फुटल्यापासून मणी धरेपर्यंतचा, म्हणजे साधारण पहिले पन्नास दिवस. या काळात परतीचा पाऊस किंवा अवकाळी आला की तासगाव-मिरज पट्ट्यात लोकांची झोप उडते. २०१९ साली ऑगस्टात कृष्णेला महापूर आला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस हटेचना, तेव्हा घड डोळ्यांदेखत जिरले.

इथं घरच्या वेलीवाल्याकडं एक मोठी सवलत आहे, जी शेतकऱ्याकडं नसते. शेतकरी बऱ्याचदा ऑगस्ट-सप्टेंबरातच छाटणी घेतो कारण लवकरच्या मालाला दर मिळतो. तो बाजारासाठी जुगार खेळतो. तुम्हाला कुठं माल विकायचाय? छाटणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात घ्या, परतीचा पाऊस गेल्याची खात्री झाल्यावर. कोवळा फुटवा आणि फुलोरा कोरड्या हवेत येतो, घड फेब्रुवारी-मार्चमध्ये खायला मिळतात, आणि औषधाचा खर्च न करता दावण्याचं मोठं संकट टळतं. शेजाऱ्याच्या वेलीला आधी घड लागले म्हणून घाई करू नये.

तासगाव-मिरज भागात अलीकडं बागांवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकायला लागलेत. कागद अंगावर असला की पान भिजत नाही आणि दावण्या कमी होतो. घरी मांडवाच्या वर हात-दोन हात उंचीवर पारदर्शक पत्रा टाकला तरी तोच फायदा. पण लक्षात ठेवा, पाऊस धुऊन काढायला नसला आणि ऊन गाळून आलं तर भुरीला आयतीच सोय होते. आच्छादनाखाली दावण्याच्या फवारण्या कमी होतात, भुरीवर मात्र नजर जास्त ठेवावी लागते.

औषधाआधीची कामं

पहिलं काम हवा. फुटवे बोटभर झाले की बिनघडाच्या फुटी काढून टाका, ज्याला फेलफूट काढणं म्हणतात. पानांच्या बेचक्यातली बगलफूट वाढली की खुडा. घडाच्या शेजारची दोन-तीन पानं काढा, पण सकाळचं ऊन येतं त्या बाजूची. दुपारचं ऊन मण्यावर थेट पडलं तर मणी भाजतो. मांडवाखाली उभं राहून वर बघितलं तर उन्हाचे कवडसे जमिनीवर ठिकठिकाणी पडलेले दिसले पाहिजेत. नुसती गर्द सावली दिसली तर भुरी येणार हे समजा.

दुसरं पाणी. बुडाला द्या, सकाळी द्या, पानांवर मारू नका. वेलीवर धूळ बसते म्हणून रोज संध्याकाळी पाइपनं धुणारे लोक आहेत. त्यांची वेल बघायला स्वच्छ असते आणि दावण्यानं भरलेली असते. नत्र जास्त दिलं तरी फूट लुसलुशीत आणि दाट होते, म्हणून शेणखत भरपूर पडलेल्या जागी युरियाची मूठ कशाला?

तिसरं, पडलेली पानं. दावण्याचे जाड सालीचे बीजाणू वाळक्या पानात महिनोन्महिने टिकतात आणि पहिल्या पावसाबरोबर मातीतून पुन्हा वर उडतात. पाला रोज झाडून घ्या. घरच्या कंपोस्टमध्ये तो टाकू नका, घरच्या ढिगात एवढी उष्णता सहसा होत नाही. लांब खड्ड्यात गाडा.

आणि एक गैरसमज जाता जाता. हल्ली रोपं डॉगरीज या जंगली खुंटावर कलम केलेली मिळतात आणि नर्सरीवाला सांगतो, रोगाला चिवट आहे. खुंट चिवट असतो तो पाण्याच्या ताणाला आणि खारट जमिनीला. वर बांधलेला डोळा थॉमसन जातीचा, सोनाकाचा किंवा आपल्या तासगावच्या मातीत निवडलेल्या तास-ए-गणेशचा असेल तर पानं त्याचीच, आणि दावण्याही त्यालाच.

मोरचूद, चुना, गंधक

घरच्या वेलीला दोन जुनी औषधं बहुतेक वेळा पुरतात. दोन्ही एकोणिसाव्या शतकापासूनची आहेत आणि पहिल्याचा शोध तर जरा योगायोगानंच लागला.

दावण्या मुळात उत्तर अमेरिकेचा. तिथल्या रानवेलींसोबत तो हजारो वर्षं वाढला, त्यामुळं त्या वेलींना तो फारसं काही करत नाही. १८७० च्या दशकात तो फ्रान्समध्ये पोचला, आणि तिथल्या द्राक्षांनी हा पाहुणा कधी बघितलेला नव्हता. बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या वेलींचे घड लोक तोडून नेत, म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुन्याचं निळसर पाणी मारत, विषारी दिसावं म्हणून. १८८२ मध्ये पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या या वेलींची पानं शाबूत आहेत आणि आतली गळून गेलीत. तीन वर्षांनी त्यानं कृती प्रसिद्ध केली. तेच आपलं बोर्डो मिश्रण.

एक टक्क्याचं एक लिटर करायला १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. वेगळ्या भांड्यात १० ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात विझवून, गार झाल्यावर अर्धा लिटर करा आणि गाळा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, लोखंड-पितळ नको. मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओता आणि काठीनं ढवळत राहा, उलटं करू नका. मग स्वच्छ लोखंडी खिळा किंवा विळ्याचं टोक मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, पान जाळेल. अजून थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा बघा. त्याच दिवशी वापरा, उरलेलं ठेवू नका. पानपट्टीवरच्या डबीतला चुना यासाठी घेऊ नये. त्यात पाणी किती ते कुणालाच ठाऊक नसतं.

एक टक्का ताकद छाटणीनंतर उघड्या काड्यांसाठी, ओलांड्यांसाठी (मांडवावर पसरलेल्या जाड फांद्यांसाठी) आणि पावसाळ्यातल्या जून पानांसाठी. कोवळ्या फुटीवर निम्म्या ताकदीचं. फुलोऱ्यात तांबं नकोच. आणि हे औषध पावसाआधी मारायचं. तांबं पानाच्या पृष्ठभागावर पहारा देतं, पोहणारा बीजाणू तिथं मरतो. आत शिरलेल्या रोगाला ते काही करत नाही. ढग भरून आले की पंप काढा. पाऊस पडून डाग दिसल्यावर नव्हे. खटाटोप नको असेल तर तयार कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच-तीन ग्रॅम चालतं. मात्र तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना ते मानवत नाही, म्हणून दर आठवड्याला सवयीनं मारू नका.

भुरीची गोष्ट अजून जुनी. १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षांवर ही पूड दिसली. काही वर्षांतच तिनं फ्रान्सचं वाईनचं उत्पादन कोसळवलं, आणि शेवटी गंधकानं ती आवरली. आजही पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, हे भुरीवरचं सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं औषध आहे. गंधकाची वाफ काम करते, त्यामुळं गारठ्यात ते मंद चालतं आणि कडक उन्हात पान भाजतं. पारा बत्तीस-पस्तीसला पोचणार असेल तर मारू नका. म्हणजे सांगलीत नोव्हेंबर ते जानेवारी बिनधास्त, फेब्रुवारी संपताना हात आखडता. कडुनिंबाचं तेल किंवा कुठलंही तेल फवारलं असेल तर दोन आठवडे गंधक नको, आणि गंधकानंतर तेलही नको. पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला ५ ग्रॅम हाही मवाळ पर्याय आहे. पानावर वाढलेली भुरी तो वाळवतो.

दुधाचा उपाय ऐकून लोक हसतात, पण तो थोतांड नाही. ब्राझीलमधल्या वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये भोपळ्याच्या जातीच्या झुकिनीवर दहा टक्के दूध फवारून भुरी आटोक्यात येते असं दाखवलं. एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी, आठवड्याला एकदा, आणि भुरी अगदी सुरुवातीची असताना. सगळा मांडव पांढरा झाल्यावर दूध ओतलं तर फक्त मुंग्यांची चैन. दावण्यावर दुधाचा उपयोग नाही, हे आता वेगळं सांगायला नकोच.

आंतरप्रवाही, म्हणजे पानातून वेलीच्या आत शिरणारी औषधं घरी लागलीच तर एखाद्या हंगामात एकदा, फार तर दोनदा, आणि तीही गट बदलून. दावण्या औषधाला फार लवकर सरावतो. मेटॅलॅक्झिलला दाद न देणाऱ्या जाती जगभर तयार झाल्यात. पुडीवर लिहिलेला फवारणी ते काढणी यांतला कालावधी वाचा. दारचं द्राक्ष येता-जाता लेकरं न धुताच तोडून खातात, म्हणून मणी फुगायला लागल्यावर आंतरप्रवाही काही मारू नये असं मला वाटतं. फवारताना पाण्याच्या टाकीवर झाकण, तुळशीवर पोतं, दोरीवरचे कपडे आत. आणि स्वतःच्या तोंडाला नुसता रुमाल नाही, मास्क बांधा.

शेजारची काकडी, आणि हॉप्ससुद्धा

"काकडीवर केवडा आलाय, द्राक्षाला लागेल का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही लागत. काकडी, दोडका, कारलं यांच्यावरचा केवडा वेगळ्या जिवाचा आहे, भुरीही वेगळी. ओळखायची रीत तीच: पान उलटा, डाग शिरांनी आखलेले चौकोनी आणि खाली करडी-जांभळट लव असेल तर केवडा, वर पांढरी पूड असेल तर भुरी. फक्त गंधक वापरताना सांभाळा. काकडी, भोपळा, खरबूज या वर्गाची पानं गंधकानं सहज जळतात. तिथं दूध किंवा बायकार्बोनेट बरं.

बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलीवरही हीच जोडी असते. तिचा केवडा काकडीवरच्या केवड्याचा सख्खा भाऊ शोभेल असा. वसंतात जमिनीतून येणारे कोंब खुजे, फिकट आणि पानं खाली वळलेली दिसली की तो आत शिरलाय असं समजतात आणि ते कोंब मुळापासून काढतात. आपल्याकडं हॉप्स हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पिकतात. ऑनलाइन कंद मागवून ती सांगली-साताऱ्यात लावून बघणारे हौशी आहेत. त्यांना माझा सल्ला असा, की रोगाच्या आधी दिवसाच्या लांबीचा विचार करा. त्या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात आणि आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जरासा वर जातो. वेल जगेल, पण बोंडं भरतील ही आशा धरू नका.

बाकी पानावरच्या सगळ्याच खुणा या दोन रोगांच्या नसतात. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. पानाखाली नारिंगी पूड असेल तर तांबेरा. मण्यावर पक्ष्याच्या डोळ्यासारखा, कडेला गडद आणि मधे राखाडी खोलगट डाग असेल तर करपा. आणि बोअरचं जड पाणी फवारून वाळलं तरी पानावर पांढरे ठिपके उरतात. ते ओल्या फडक्यानं पुसले की जातात आणि पुन्हा येत नाहीत.

नवीन वेल लावायची असेल तर जातीचा विचार आधीच करता येतो. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश या सगळ्या युरोपीय वंशाच्या, दावण्यापुढं हतबल. अमेरिकी वंशाचं रक्त असलेल्या जाती चिवट असतात, कारण त्यांच्या पूर्वजांनी हा रोग पिढ्यान्‌पिढ्या सोसलाय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं अमेरिकी कॅटॉबा आणि युरोपीय ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही जात काढली आहे. ती बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी दाद देत नाही आणि छाटणीपासून ११० ते १२० दिवसांत पिकते. तिची ओळख खाण्यापेक्षा रसासाठी जास्त आहे, चव बाजारच्या लांब मण्याच्या सोनाकासारखी नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानंही रसासाठी मांजरी मेडिका काढली आहे. खायला सोनाकाच हवा असेल तर तो लावा, पण मग परतीचा पाऊस जाईपर्यंत कात्री हातात घेऊ नका आणि मोरचूद घरात ठेवा.